अर्धा चेहरा, पूर्ण संशय

गेल्या महिन्यात विहारातला रविवारचा अभ्यासवर्ग संपल्यावर एका तरुणाने आम्हाला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. गर्दीतून माणसे चालली आहेत. कुणाच्या तोंडाला रुमाल, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या डोळ्यांवर गॉगल. तरी प्रत्येकाच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट येते आणि खाली नाव उमटते. तरुण कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करतो. म्हणाला, "दादा, आता मोर्च्यात रुमाल बांधून काही उपयोग नाही. अर्ध्या चेहऱ्यावरून माणूस ओळखतं हे."

बाजूला बसलेला दुसरा कार्यकर्ता म्हणाला, "मग बरंच आहे की! दगड मारणारा बाहेरचा असतो आणि केस आपल्या पोरांवर पडते. यंत्र खरं सांगेल. यंत्राला कुठे जात असते?"

पहिल्याच्या बोलण्यात भीती होती, दुसऱ्याच्या बोलण्यात विश्वास. आमच्या मते दोघांचाही एकच गैरसमज आहे. यंत्र झाकलेला चेहरा 'ओळखते' असे दोघेही धरून चालले आहेत. ते ओळखत नाही, अंदाज बांधते. अंदाज कुणावर बांधायचा हे ज्या साठ्यातून ठरते, तो साठा कुणी भरला आणि कुणाच्या चेहऱ्यांनी भरला, हा खरा प्रश्न आहे.

रुमालाखालचे ओठ कुणाचे?

आधी हे यंत्र काय करते ते साध्या भाषेत समजून घेऊ. संगणक आपल्यासारखा चेहरा बघत नाही. तो फोटोत डोळे, नाक, ओठ, हनुवटी कुठे आहेत ते शोधतो. त्यावरून चेहऱ्याची आकड्यांची एक लांब यादी तयार करतो. ही यादी साठ्यातल्या इतर फोटोंच्या याद्यांशी ताडून पाहतो. दोन याद्यांमधला फरक ठरावीक मर्यादेच्या आत असला की 'जुळले' म्हणतो. ही मर्यादा माणूस ठरवतो. ती सैल केली की जास्त नावे निघतात, त्यात चुकीचीही निघतात. आवळली की खरा माणूसही निसटतो.

आता चेहऱ्यावर रुमाल आला. नाक, ओठ, हनुवटी गेली, उरले डोळे, भुवया आणि कपाळ. अशा वेळी इंजिनिअर मंडळी मुख्यतः तीन उपाय करतात. उरलेल्या भागाला जास्त महत्त्व द्यायचे, हा पहिला. शिकवण्याच्या फोटोंवर संगणकानेच खोटे मास्क आणि चष्मे चिकटवून यंत्राकडून सराव करून घ्यायचा, हा दुसरा. झाकलेला भाग यंत्राने स्वतः भरून काढायचा, हा तिसरा. हा तिसरा उपाय नीट लक्षात घ्या. रुमालाखालचे ओठ यंत्राला दिसलेले नसतात. हजारो इतर चेहरे पाहून ते तिथे कुणाचे तरी ओठ काढते आणि त्या चित्राला तुमचा चेहरा म्हणते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. "हा माणूस कोण?" या प्रश्नाचे उत्तर यंत्र देतच नाही. "आमच्या साठ्यातल्या माणसांपैकी हा कुणासारखा दिसतो?" या प्रश्नाचे ते उत्तर देते. दगड मारणाऱ्याचा फोटो साठ्यात नसेल आणि मर्यादा सैल असेल, तर साठ्यातला दुसराच कुणीतरी वर येतो. आमच्या दुसऱ्या मित्राला वाटते की यंत्र बाहेरच्या माणसाला पकडून देईल. ज्याचा फोटो पोलिसांकडे कधी गेलाच नाही त्याला यंत्र कसे पकडणार? ज्याचा फोटो आधीच आहे, त्याचेच नाव निघणार.

आकडे काय सांगतात?

२०१७ मध्ये केंब्रिज विद्यापीठ आणि भारतातल्या संस्थांमधील संशोधकांचा वेशांतर केलेले चेहरे ओळखण्याविषयीचा शोधनिबंध बराच गाजला. चेहऱ्यावरचे १४ बिंदू शोधायचे आणि त्यांच्यामधल्या रेषांवरून माणूस ओळखायचा, ही त्यांची पद्धत. सरावासाठी फोटो होते प्रत्येकी २००० चे दोन संच, आणि माणसे किती? फक्त २५. टोपी आणि गळपट्टा असताना यंत्राचे उत्तर साधारण ५६ टक्के वेळा बरोबर आले. त्यात चष्म्याची भर पडली की ते ४३ टक्क्यांच्या आसपास उतरले. २५ माणसांत ही गत, तर पाच लाखांच्या गर्दीचे काय होईल?

कोरोनाच्या काळात सगळ्या जगाने तोंड बांधले. अमेरिकेतल्या 'निस्ट' या सरकारी मोजमाप संस्थेने जुलै २०२० मध्ये ८९ प्रणाली तपासल्या. उघड्या चेहऱ्यावर ०.३ टक्के वेळा चुकणाऱ्या उत्तम प्रणाली मास्कमुळे ५ टक्क्यांपर्यंत चुकू लागल्या. एरवी चांगल्या मानलेल्या अनेक प्रणाली २० ते ५० टक्के वेळा नापास झाल्या. पुढे कंपन्यांनी मास्क गृहीत धरून नवी यंत्रे केली आणि चुका बऱ्याच कमी झाल्या, हेही खरे आहे. उद्या त्या आणखी कमी होतील. म्हणूनच "यंत्र चुकते, म्हणून धोका नाही" यावर आम्ही विसंबत नाही आणि तुम्हीही विसंबू नका. यंत्र चुकले तर निरपराध माणूस अडकतो. यंत्र बरोबर आले तर कोण सभेला गेला, कोण विहारात आला, कोण युनियनच्या बैठकीत बसला याची यादी सत्तेच्या हातात पडते. दोन्हीकडे मार आपल्यालाच आहे.

याच 'निस्ट'ने डिसेंबर २०१९ मध्ये १८९ प्रणालींचा अहवाल काढला होता. एका माणसाला दुसराच समजण्याची चूक अनेक प्रणालींमध्ये गोऱ्यांच्या तुलनेत काळ्या आणि आशियाई चेहऱ्यांवर १० ते १०० पट जास्त आढळली. त्याआधी २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. यंत्राला जात नसते म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

डेट्रॉइटचा टोपीवाला

रॉबर्ट विल्यम्स हे अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळ राहणारे काळे गृहस्थ. २०१८ मध्ये शहरातल्या एका दुकानातून घड्याळे चोरीला गेली. कॅमेऱ्यात चोर दिसला तो धूसर, डोक्यावर टोपी, मान खाली. पोलिसांनी तो फोटो यंत्राला दिला. यंत्राने विल्यम्स यांच्या जुन्या ड्रायव्हिंग लायसन्सच्या फोटोकडे बोट दाखवले. जानेवारी २०२० मध्ये बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत पोलिसांनी त्यांना घरासमोर बेड्या घातल्या. सुमारे ३० तास ते कोठडीत होते. तो चोर ते नव्हतेच.

२०२४ मध्ये तडजोड झाली. शहराला ३ लाख डॉलर द्यावे लागले आणि केवळ यंत्राच्या जुळणीवरून अटक करायची नाही असा नियम पोलिसांना मान्य करावा लागला. विल्यम्स लढले, त्यांच्यामागे वकिलांची संघटना उभी राहिली, म्हणून इतके तरी झाले. आपल्या वस्तीतल्या पोराला त्या ३० तासांत काय भोगावे लागले असते, ते आम्ही लिहायची गरज नाही. तुम्हाला माहीत आहे.

आपल्याकडे काय चालू आहे?

दिल्ली पोलिसांनी हे यंत्र आणले ते हरवलेली मुले शोधण्यासाठी. यापेक्षा चांगले कारण कोणते? पण २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर त्याची अचूकता निघाली २ टक्के. २०१९ मध्ये तर ती १ टक्क्याहूनही कमी असून यंत्राला मुलगा-मुलगी हा फरकही कळत नाही, असे न्यायालयाला सांगावे लागले. मुले सापडली नाहीत, पण यंत्र कामाला लागले. मार्च २०२० मध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी लोकसभेत सांगितले की दिल्लीच्या दंगलीतले अकराशेहून अधिक लोक चेहऱ्यावरून ओळखले आणि त्यासाठी मतदार ओळखपत्र आणि ड्रायव्हिंग लायसन्सची माहिती वापरली. हे सॉफ्टवेअर धर्म पाहत नाही, कपडे पाहत नाही, फक्त चेहरा पाहते, असेही ते म्हणाले. आमच्या मित्राच्या वाक्याचा उगम कुठे आहे, ते लक्षात आले ना?

२०२२ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आले की दिल्ली पोलीस ८० टक्के आणि त्यावरची जुळणी ग्राह्य धरतात. हा ८० चा आकडा कुणी ठरवला? कोणत्या कायद्याने? अर्धा चेहरा झाकलेला असेल तर ८० टक्के म्हणजे कशाचे ८० टक्के?

हैदराबादचे सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांना मे २०२१ मध्ये, लॉकडाउनच्या काळात पोलिसांनी रस्त्यात अडवले, मास्क काढायला सांगितले आणि त्यांचा फोटो घेतला. एकीकडे मास्क घाला म्हणून सरकारच दंड करत होते आणि दुसरीकडे फोटोसाठी मास्क काढायला लावत होते. मसूद यांनी नोटीस पाठवली, पुढे तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. माझा फोटो कोणत्या कायद्याखाली घेतला, इतका साधा त्यांचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रही मागे नाही. बोटांचे आणि तळव्यांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा एकत्र साठवणारी 'ॲम्बिस' यंत्रणा आपल्या पोलिसांकडे आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने शिक्षा झालेल्याबरोबर नुसत्या अटक झालेल्याचीही अशी मापे घेता येतात आणि ती ७५ वर्षे ठेवता येतात. म्हणजे विशीतल्या मोर्च्यातला फोटो पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत! शिवाय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय केलेलीच आहे.

ओळखण्याचा जुना धंदा

समाजशास्त्र शिकताना आम्हाला एक गोष्ट पक्की कळली. जातिव्यवस्थेला माणूस लांबून ओळखता यावा लागतो. ओळखता आला नाही तर विटाळ कसा पाळणार? पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना मनगटावर किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे, कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. काळा दोरा म्हणजे त्या काळातली ओळख-यंत्रणाच. चूक होऊ नये म्हणून माणसाच्या अंगावरच खूण बांधून टाकलेली.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. जन्मानेच गुन्हेगार, नाव रजिस्टरमध्ये, हजेरी पोलिसाकडे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, पण त्याच्या जागी 'सराईत गुन्हेगार' कायदे आले आणि रजिस्टर चालूच राहिले. आजही गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर आधी धाड पडते.

या रजिस्टरांचा वारसा संगणकाला मिळाला आहे. देशातल्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांमध्ये साधारण पाचातला एक अनुसूचित जातीचा आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला आपला वाटा आहे १६.६ टक्के. जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर महाराष्ट्र बंद झाला आणि कोंबिंग आपल्या वस्त्यांत झाले. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि कोंबिंग पुन्हा आपल्याच वस्त्यांत. पकडलेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीतून जिवंत परतले नाहीत. तिथे वस्तीचा पत्ता पुरेसा ठरला. उद्या तो पत्ता विचारायचीही गरज पडणार नाही, कारण प्रत्येक कोंबिंगबरोबर साठ्यात नवे फोटो जातात. आणि रुमाल बांधलेल्या अनोळखी डोळ्यांशी मिळतेजुळते डोळे यंत्र त्याच साठ्यात शोधते.

इंजिनिअर मित्राला उत्तर

आमचा इंजिनिअर मित्र यावर म्हणाला, "दादा, मग डेटासेटमध्ये आपले चेहरे वाढवले पाहिजेत. आपली मुले या क्षेत्रात गेली पाहिजेत. यंत्र न्यायी होईल."

आपली मुले या क्षेत्रात गेलीच पाहिजेत, यात वाद नाही. पण मित्रा, प्रतिनिधित्व कुठले मागतोस ते बघ. न्यायाधीशांत, कुलगुरूंत, संपादकांत, या कंपन्यांच्या मालकांत आपला वाटा मागितला की 'मेरिट' आठवते. पोलिसांच्या फोटोंच्या साठ्यात मात्र न मागता हिश्श्याहून जास्त मिळते. ही एकच जागा अशी आहे जिथे आपला अनुशेष नाही! बाबासाहेबांनी आपल्यासाठी प्रतिनिधित्व मागितले ते निर्णय घेणाऱ्यांच्या खुर्चीत. ओळख-परेडच्या रांगेत बसायला नव्हे.

आणि न्यायी यंत्र म्हणजे तरी काय? उघडा चेहरा तरी हे यंत्र न्यायाने ओळखते का? २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा जुळवणे सक्तीचे झाले. आमच्या कामाच्या वस्तीत एक बाळंतीण पाकीट घ्यायला आली. सेविका सांगत होती, "अगं, पदर मागे घे, उजेडात ये, डोळे मिचकाव." आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. आता बाळंतपणाने चेहरा उतरलेला. तीनदा प्रयत्न झाला, तीनदा 'जुळत नाही'. सेविका तिला पाच वर्षांपासून ओळखते, पण सेविकेच्या ओळखीला किंमत नाही. बाई त्या दिवशी रिकाम्या हाताने परत गेली.

आता ही दोन चित्रे शेजारी ठेवा. मोर्च्यात रुमाल बांधलेला माणूस यंत्र ओळखते म्हणतात आणि तो अंदाज पुरावा ठरतो. अंगणवाडीच्या दारात समोर उभी असलेली, उघड्या चेहऱ्याची बाई ते ओळखत नाही आणि तिच्या तोंडचा घास अडतो. शंकेचा फायदा दोन्ही ठिकाणी यंत्राला मिळतो, माणसाला कुठेच नाही. पकडायचे असते तेव्हा मर्यादा सैल आणि द्यायचे असते तेव्हा आवळलेली. ही मर्यादा यंत्र ठरवत नाही. खुर्चीतला माणूस ठरवतो आणि त्याला जात असते.

"कर नाही त्याला डर कशाला?" असेही विचारले जाईल. कचरा डेपोवर काम करणारी आपली बाई तोंडाला फडके बांधते, कारण दुर्गंधी सहन होत नाही. सफाई कामगार बांधतो, विदर्भाच्या उन्हात दुचाकीवरची मुलगी स्कार्फ बांधते. यांनी काय केले आहे? झाकलेला चेहरा म्हणजे संशयित, हे समीकरण एकदा यंत्रात बसले की सगळ्यात आधी संशयित ठरतील ते धुळीत, घाणीत, उन्हात राबणारे लोक. आणि हो, ज्याने खरेच दगड मारला त्याला पकडू नका असे आम्ही म्हणत नाही. आपला मार्ग संविधानाचा आहे. म्हणून आपली मागणीही संविधानाची आहे: संशयाला आधी पुरावा द्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त उद्देश हवा आणि उद्देशाच्या प्रमाणातच उपाय हवा. चेहरा ओळखण्यासाठी असा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही. कायद्याआधी कॅमेरे आले आहेत.

मग करायचे काय?

१. प्रत्येक शहरातल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात विचारावे: चेहरा ओळखणारी प्रणाली कोणती, कुणाकडून घेतली, साठ्यात कुणाचे फोटो, किती टक्के जुळणी ग्राह्य, झाकलेल्या चेहऱ्यांवर चाचणी झाली का. उत्तर नाकारले तर अपील करावे. नकाराचे पत्रही उद्या कोर्टात कामी येते.

२. कुणाला अटक झाली तर पहिल्याच दिवशी वकिलांनी अटकेचे कारण लेखी मागावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ प्रमाणे ते सांगणे बंधनकारक आहे. यंत्राची जुळणी हेच कारण असेल तर टक्केवारी, मूळ फोटो आणि यंत्राने काढलेल्या नावांची संपूर्ण यादी मागावी. आपला मुलगा यादीत पहिला होता की सातवा, हे कळलेच पाहिजे.

३. साक्षीदार असेल तर ओळख-परेडचा आग्रह धरावा. व्हिडिओ पुरावा म्हणून आणला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आहे का ते पाहावे.

४. पूर्वी शिक्षा झालेली नसताना माणूस निर्दोष सुटला, तर २०२२ च्या कायद्यातच त्याची मापे आणि फोटो नष्ट करण्याची तरतूद आहे. सुटका झाली की आपण पेढे वाटतो आणि फाइल विसरतो. यापुढे विसरायचे नाही. लेखी अर्ज करायचा आणि पोच घ्यायची.

५. अंगणवाडीत, रेशन दुकानात, हजेरीत चेहरा जुळला नाही म्हणून हक्क नाकारला, तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा. वस्तीनिहाय वही करा. त्यांच्याकडे रजिस्टर आहे, आपल्याकडेही हवे.

६. इंजिनिअर तरुणांनो, तुमची सगळ्यात जास्त गरज इथे आहे. यंत्र सुधारून देण्याआधी यंत्राची उलटतपासणी कशी करायची ते आपल्या वकिलांना शिकवा. महिन्याचा एक रविवार द्या.

त्या संध्याकाळी निघताना इंजिनिअर मित्राने पुन्हा विचारले, "मग मोर्च्यात रुमाल बांधायचा की नाही?" आम्ही म्हणालो, ऊन असेल तर बांध, धूळ असेल तर बांध. लपण्यासाठी बांधू नकोस. महाडला चवदार तळ्यावर गेलेल्यांनी तोंडे झाकली नव्हती. आपण लपायला रस्त्यावर येत नाही, दिसायला येतो. पण दिसणे हा आपला हक्क आहे आणि आपली नोंद ठेवणे हा त्यांचा हक्क नाही. हा फरक कायद्यात लिहिला जाईपर्यंत ही लढाई चालू ठेवावी लागेल.

पुढच्या रविवारी तो माहिती अधिकाराचे तीन अर्ज टाइप करून घेऊन आला. तुमच्या शहराचा अर्ज कोण लिहिणार?

जय भीम! जय संविधान!